जोडण्याकडून रुजवण्याकडे : हाड आणि कूर्चा यांच्या दुरुस्तीचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलावला की तो संतसाहित्यावर अथवा भाषेच्या भवितव्यावर बोलेल, असा आपल्याकडे संकेत आहे. मी आज तुमच्यापुढे हाडांचा आणि सांध्यांचा इतिहास मांडणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. वस्तुतः विषय आपल्या अंगणातलाच आहे. या जोयडा तालुक्यात जगणे म्हणजे गुडघ्यांवर जगणे. चिखलात वाकून भाताची लावणी, डोक्यावरची ओझी, घाटाची चढउतार, यांत माणसाचे सांधे त्याच्या वयाच्या पुढे धावतात. आणि गुडघा गेला की घरातला कर्ता माणूस ओटीवर बसतो. म्हणून ज्या विद्येने झिजलेला अथवा तुटलेला सांधा पुन्हा उभा करण्याचे स्वप्न पाहिले, तिचा वृत्तांत आपल्याला ठाऊक असावा, असे मला वाटते. शिवाय हा वृत्तांत शब्दांचाही आहे, आणि तेवढ्यापुरता तरी माझा त्यावर अधिकार आहे.

प्रथम दोन पदार्थांची ओळख करून घेऊ. एक हाड, दुसरी कूर्चा. हाडांची टोके जिथे एकमेकांना भेटतात तिथे त्यांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचे, गुळगुळीत, निळसर-पांढरे आवरण असते. ती सांध्यातील कूर्चा. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यांपैकी ‘तरुण’ म्हणजे नाक, कान अशा ठिकाणची लवचिक हाडे. आज आपण त्यांनाच कूर्चा म्हणतो. सुश्रुताने शरीरातील हाडांची संख्या तीनशे सांगितली आहे, तर आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसात २०६ हाडे मोजते. सुश्रुताच्या गणतीत दात आणि ही तरुणास्थी दोन्ही येतात, हे या फरकाचे एक मोठे कारण होय. कूर्चा हे अजून पुरते न पिकलेले हाड आहे, ही त्यामागची दृष्टी. तिच्यात तथ्य आहे, कारण गर्भात आपली बहुतेक हाडे आधी कूर्चेचीच असतात आणि मग त्यांचे हाड होते.

त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात सांध्यांविषयी एक उपमा आहे. वंगण घातलेल्या आसावर चाक जसे सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्याने युक्त असलेले सांधे सुरळीत चालतात, असा तिचा आशय. हा ‘श्लेष्मा’ शब्द ‘श्लिष्’ या धातूपासून आला आहे. श्लिष् म्हणजे चिकटणे, आलिंगन देणे. एकाच शब्दाला दोन अर्थ बिलगतात तेव्हा आपण त्याला श्लेष अलंकार म्हणतो, तोही याच धातूचा. जो पदार्थ सांध्याला सैल ठेवतो त्याच पदार्थाला ‘चिकटवणारा’ असे नाव मिळावे, हा विरोधाभास वाटतो. पुढे आपण पाहणार आहोत की आधुनिक शास्त्राने जो पदार्थ शोधून काढला त्याच्या अंगीही हेच दोन गुण आहेत.

आता हाडाची कथा. हाड मोडले तर ते स्वतः जुळते; वैद्याचे काम फक्त ते सरळ आणि स्थिर ठेवण्याचे. सुश्रुताच्या भग्नचिकित्सेत वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू यांची कुशा म्हणजे आधारपट्टी सांगितली आहे. बांधलेली पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, असाही नियम आहे. आपल्या भागातील हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून जे करीत आले, त्याची परंपरा इतकी जुनी आहे. त्या परंपरेतील गफलतीही सांगितल्या पाहिजेत. पट्टी अति आवळली की रक्त थांबते आणि हात वाचवण्याऐवजी तो गमावण्याची पाळी येते. सुश्रुतानेही अति घट्ट आणि अति सैल या दोन्ही बंधांचे दोष नोंदवले आहेत. युरोपात १८५२ मध्ये मॅथिसेन या डच लष्करी शल्यवैद्याने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी रूढ केली, आणि तीच आज आपण ‘प्लास्टर’ म्हणून ओळखतो.

परंतु हाडाचा तुकडाच नाहीसा झाला असेल तर काय करायचे? १६६८ मध्ये व्हान मेकेरन या डच शल्यवैद्याच्या ग्रंथात एक हकिकत छापली गेली. एका रशियन सरदाराच्या कवटीतील भगदाड कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवले गेले. चर्चने त्याला बहिष्कृत केले, म्हणून तो तुकडा काढून टाका, अशी विनवणी करू लागला. पण तोवर तो तुकडा एकजीव झाला होता. हकिकतीतील तपशिलांची शहानिशा आज होणे नाही. माणसाने हाड रुजवण्याचा विचार किती आधीपासून केला होता, एवढे मात्र तीवरून कळते. ग्लासगो येथील विल्यम मॅकेवेन यांनी १८८० मध्ये एका लहान मुलाच्या दंडाच्या हाडात दुसऱ्या रुग्णांचे हाड यशस्वीपणे बसवले. मग १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकन शल्यवैद्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. क्षार काढून टाकलेले निर्जीव हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले, तर तिथे, जिथे हाड असण्याचे कारणच नाही, नवे हाड तयार होते. म्हणजे हाडाच्या मागे राहिलेल्या सांगाड्यात शरीराला काही आज्ञा देणारे द्रव्य असले पाहिजे. तुकडा जोडायचा नाही, तर शरीराला तो घडवायला सांगायचे, या विचाराचे बीज इथे पडले.

कूर्चेची कथा याच्या नेमकी उलट आहे. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला. मखमलीची लव जशी उभी असते तसे कूर्चेतील तंतू हाडावर उभे असतात, असे त्याने वर्णन केले. आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे हिप्पोक्रॅटसपासूनच्या वैद्यांचे मत त्याने मान्य केले. पुढील अडीचशे वर्षे या वाक्याला कोणी समर्थ उत्तर देऊ शकले नाही. याचे कारण तिच्या घडणीत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. वजनाचा सुमारे पाऊण भाग नुसते पाणी आहे, आणि पेशी घनफळाच्या अवघ्या एक-दोन टक्के. पाणी धरून ठेवणारे रेणू कोलॅजेन नावाच्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेले असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा ते पाणी थोडे पिळून निघते, पाऊल उचलले की परत शोषले जाते. त्या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच पेशींना अन्न मिळते. जिथे रक्त नाही तिथे जखम झाल्याची वर्दीच पोहोचत नाही, मग दुरुस्तीला कोण येणार?

तेव्हा वैद्यकाने दुसरा मार्ग धरला. दुरुस्त होत नाही ते काढून टाकायचे आणि जागी धातू-प्लास्टिक बसवायचे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नले यांनी १९६२ च्या सुमारास खुब्याचा असा सांधा यशस्वी करून दाखवला. गुडघ्याचे रोपण त्यानंतर रूढ झाले. परदेशी बनावटीचा गुडघा सामान्य भारतीयाच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा घडवला. अस्थिशल्यचिकित्सेतील कार्यासाठी २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यातही धातू आणि प्लास्टिक आहे. मी त्याचा ऋणी आहे, कारण त्यामुळेच आज तुमच्यापुढे उभा आहे. तथापि पंगतीत मांडी घालून बसणे मला आता जमत नाही, आणि हा सांधा कधी तरी झिजणार आहे, हेही मी जाणतो. यंत्र झिजते, जिवंत वस्तू स्वतःला नवी करते. म्हणून पंचविशीतल्या खेळाडूला किंवा अपघात झालेल्या तरुणाला असा सांधा बसवताना वैद्य कचरतात.

इथे आपल्या कथेत तिसरा पदार्थ प्रवेश करतो. इंग्रजीत त्याला हायड्रोजेल म्हणतात. मराठीत ‘जेल’ म्हटले की तुरुंग आठवतो, आणि गंमत अशी की हा श्लेष चुकीचा नाही : पाण्याला जाळ्यात कैद करणारा तो पदार्थ. त्याला आपण स्वयंपाकघरात रोज भेटतो. सब्जाचे बी भिजवले की त्याभोवती जी पारदर्शक गादी फुगते, ती तीच. चायनाग्रासची जेली तीच, खरवस तोच. पायाचा रस्सा गार झाला की थिजतो, त्याचे कारण हाडा-कूर्चेतून उतरलेले कोलॅजेन. सुतार लाकूड जोडण्यासाठी जो सरस वापरीत, तोही हाडे-कातडी उकळून काढलेला. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोल्ला’ म्हणतात; थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये याच शब्दावरून अशा पदार्थांना ‘कोलॉइड’ असे नाव दिले, आणि कोलॅजेनचे नावही तिथलेच. म्हणजे ग्रीकांना जे सरसाने सुचले, तेच आपल्या पूर्वजांना श्लेष्म्याने सुचले होते : सांध्यात जे आहे ते जोडणारे आहे.

हे पाण्याचे जाळे मुद्दाम शरीरासाठी बनवण्याचा पहिला ठळक प्रयत्न चेकोस्लोव्हाकियात झाला. ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये अशा जेलचा उपयोग जिवंत शरीरात करता येईल, असे ‘नेचर’मध्ये लिहिले. १९६१ च्या नाताळात विख्तर्ले यांनी मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र तयार केले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. डोळ्याने जे सोसले ते सांधाही सोसेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

आपल्या देशात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुरू झाले ते सांध्यासाठी नव्हे, शेतीसाठी. शेजारच्या गोव्यातील माशेल गावी १९४३ मध्ये जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या संशोधनाच्या अग्रभागी होते. ‘जलशक्ती’ नावाचा, स्टार्चवर आधारलेला, आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषणारा पदार्थ त्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात तयार केला; मातीत मिसळला की पावसाचे पाणी मुळांशी धरून ठेवावे, हा त्याचा हेतू. पुढे तिथेच माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांच्यासह डॉ. श्यानी वर्गीस या विद्यार्थिनीने चतुर जेलांचा अभ्यास केला. परिस्थिती बदलली की ही जेले आपणहून फुगतात, आकसतात, आकार बदलतात. डॉ. वर्गीस पुण्यात पीएच.डी. करून अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि तिथे कूर्चेवर काम करणाऱ्या जेनिफर एलिसेफ यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केले. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील त्यांच्या प्रयोगशाळेने, माशेलकर आणि लेले यांच्या सहभागाने, एक शोध प्रसिद्ध केला : कापलेल्या जेलचे तुकडे आम्लयुक्त पाण्यात काही सेकंदांत पुन्हा जुळतात आणि ताणले तरी सुटत नाहीत. शेतात पाणी धरणारा विचार असा प्रवास करीत शरीरापर्यंत पोहोचला. शास्त्राच्या इतिहासात असे वळण वारंवार येते. ज्याने विहीर खणली तो तिचे पाणी कोणत्या मळ्याला जाईल हे सांगू शकत नाही.

आता मुख्य कल्पनेकडे येतो. इंग्रजीत तिला ‘स्कॅफोल्ड’ म्हणजे परांची म्हणतात. मला मात्र त्यासाठी ‘मांडव’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. परांचीवर गवंडी चढतो. मांडवावर वेल स्वतः चढतो. घेवड्याचा मांडव घालताना आपण वेल घडवीत नाही, त्याला जागा देतो. जखमी जागी सच्छिद्र जाळ्याचा मांडव घालावा, त्यावर पेशी चढाव्यात, त्यांनी स्वतःची कूर्चा किंवा हाड विणावे, आणि त्यांचे विणकाम होत असतानाच मांडव हळूहळू विरघळून जावा, ही ती कल्पना. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ वकांटी यांनी ‘सायन्स’मध्ये तिला शास्त्राचे रूप दिले. मांडव अति लवकर विरघळला तर वेल जमिनीवर. अति उशिरा विरघळला तर वेलाला तोच आडवा येतो. या विद्येची सारी कसोटी या वेळेच्या हिशोबात आहे.

१९९४ मध्ये स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच कूर्चेतील थोड्या पेशी काढून, दोनतीन आठवडे वाढवून, त्या जखमेत परत घातल्या. मांडीच्या हाडाच्या टोकावर जखम असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम परिणाम मिळाला. गुडघ्याच्या वाटीमागील जखमेच्या सात जणांपैकी फक्त दोघांना. हंटरच्या वाक्याला मिळालेले हे पहिले भारदस्त उत्तर, आणि त्याची मर्यादाही त्याच आकड्यांत. पातळ द्रवातील पेशी जागेवर टिकत नाहीत, म्हणून पुढील काळात त्यांना जेलमध्ये धरण्याचे प्रयत्न झाले. २०१३ मध्ये एलिसेफ यांच्या गटाने आणखी एक पायरी गाठली. हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतील पेशींना वाट करून द्यायची, कूर्चेला एक जैविक चिकटद्रव्य लावायचे आणि त्यावर प्रकाशाने थिजणारे जेल भरायचे. पंधरा रुग्णांवर हा उपाय झाला, तिघांवर नुसती छिद्रे पाडण्याचा. सहा महिन्यांनी जेल घातलेल्यांची जखम अधिक भरलेली आणि वेदना कमी आढळली. इथेही चिकटणे आणि ओलावा धरणे हे दोन्ही गुण एकत्र आले : सुश्रुताच्या शब्दात, श्लेष.

हाडाच्या बाजूने याला समांतर प्रगती झाली. युरिस्ट यांनी ज्या आज्ञाद्रव्याचा माग काढला, त्यातील एक प्रथिन कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून वापरण्यास २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पण ते फार मोठ्या प्रमाणात वापरले गेले आणि नको तिथेही हाड वाढल्याच्या, सूज आल्याच्या तक्रारी झाल्या. बाहेरून आज्ञा ओरडून दिल्याचा हा परिणाम. म्हणून २०१४ मध्ये डॉ. वर्गीस यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : कॅल्शियम-फॉस्फेट धारण करणारे जेल दिले की मूळपेशी, बाहेरून आज्ञाद्रव्य न घालताही, हाडाच्या मार्गाला लागतात. मांडवाचे द्रव्यच इथे कुजबुजून सांगते.

पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून हाडातील पोकळी भरणारे सच्छिद्र मांडव घडवण्याचे काम केले आहे. आपल्या गावाचे एक नामबंधू बंगळूर–म्हैसूर रस्त्यावर आहे. तिथली रेशीमकोशांची बाजारपेठ आशियातील सर्वांत मोठी मानली जाते. साडी विणणारा धागा हाडही विणू शकतो, हे त्या रामनगरच्या शेतकऱ्याने आणि या रामनगरच्या विद्यार्थ्याने दोघांनीही ऐकावे असे आहे. तसेच २०१७ मध्ये लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या पेशी वाढवून कूर्चेची आणि हाडाची दुरुस्ती करणाऱ्या उपचारांना भारताच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. म्हणजे ही विद्या आता परदेशी राहिलेली नाही.

इतके सांगितल्यावर मर्यादा सांगणे हे माझे कर्तव्य आहे, कारण इथेच लोकांची फसगत होते. ‘गुडघ्यात जेल भरून मिळेल’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्या इंजेक्शनात बहुधा हायल्युरोनिक आम्ल असते. ते आसाला घातलेले वंगण आहे. काहींना त्याने काही काळ बरे वाटते, पण त्याने कूर्चा उगवत नाही. मांडवाचे उपचार निराळे. तेही आज मुख्यतः तरुण गुडघ्यातील, दुखापतीने झालेल्या, काठ शाबूत असलेल्या जखमेसाठी आहेत. साऱ्या सांध्याची झीज झालेल्या वृद्धाला ते गुण देत नाहीत, कारण जिथे माती वाहून गेली आहे तिथे मांडव उभा राहत नाही. शिवाय नवी भरलेली कूर्चा पुष्कळदा मूळच्यापेक्षा तंतुमय आणि कमी टिकाऊ असते. तेव्हा वैद्याला तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत : माझी जखम मर्यादित आहे की सर्वदूर? जे घालणार ते वंगण आहे की मांडव? आणि ज्यांच्यावर हा उपाय झाला, त्यांचे पाच वर्षांनी काय झाले? बेळगाव, हुबळी किंवा बांबोळीपर्यंत एसटीने जाऊन, शेतीचे दिवस मोडून, घरातले दागिने मोडून जो उपचार घ्यायचा, त्याबद्दल एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतो. आरंभी वैद्य हाड जोडीत होता. मग तो तुकडा बदलू लागला. आता तो शरीराला रुजण्यासाठी जागा देऊ पाहतो आणि स्वतः बाजूला सरतो. हे शहाणपण शस्त्रक्रियागृहाइतकेच समाजालाही लागू पडते, हे या गावाइतके दुसऱ्या कोणाला कळेल? काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले, आणि विस्थापितांची कुटुंबे इथे येऊन वसली. जमिनीचे चौकोन सरकारने आखून दिले. पण चौकोनांचे गाव सरकारने केले नाही. ते लोकांनी आपल्या बोलीने, आपल्या देवांनी, आपल्या लग्नकार्यांनी, मराठी-कोकणी-कानडीच्या शेजाराने केले, आणि त्याला काही वर्षे लागली. जे गमावले त्याची भरपाई मात्र कोणत्याही मांडवाने होत नाही, हेही विसरू नये.

आणि शाळा? ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी तुमच्यापैकी कोणाला घडवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी मांडव घातला; चढलात तुम्ही. तुम्ही बेळगावात, पुण्यात, गोव्यात, परदेशात आपापली फुले धरलीत आणि ते मागे दिसेनासे झाले. आज या पटांगणात बसलेल्या मुलामुलींपैकी एखादी उद्या प्रयोगशाळेत जाऊन अडीचशे वर्षांच्या त्या जुन्या वाक्याला पुरते उत्तर देईल, अशी मला आशा आहे. तोवर आपल्या घरातील म्हाताऱ्या गुडघ्यांना जिना चढताना हात द्या, आणि त्यांना खोटी आशा विकणाऱ्यापासून दूर ठेवा.